ऐरणीवरचे दोन ठोके

मारोती, तुला जाळायला नेलं तेव्हा तुझी चिता पेट घेईना. सरण सुकं, घासलेट शिंपडलेलं, वारा बेताचा, तरी तीन आगपेट्या फुकट गेल्या. लोक म्हणाले, लाकूड ओलं आहे. मी म्हणालो, लाकडाला बोल लावू नका, विस्तवाची छाती होत नाहीये. तीस वर्षं ज्या माणसानं त्याला कान धरून भट्टीत बसवला, त्याच्याच अंगाला हात लावायचा म्हणजे विस्तवालाही विचार पडणार. माणसं हसली. तुझ्या स्मशानात माणसं हसली, मारोती, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून नाक पुसलं.

आपल्या गावच्या साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, मारोती लोहारावर चार ओळी लिहा, जन्म, शिक्षण, समाजकार्य वगैरे. तुझा जन्म टोळधाड आली त्या साली, याहून जास्त तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. शिक्षण तू घेतलं नाहीस, दिलंस, तेही घणाच्या दांड्यानं. आणि समाजकार्य म्हणशील तर अर्ध्या अमरावतीच्या बैलबंड्यांच्या चाकांना लोखंडी धावा तू चढवल्यास आणि उरलेल्या अर्ध्या अमरावतीला शिव्या दिल्यास. तेव्हा ते सोडून देतो. मी हे लिहितो ते तुझं-माझं एक भांडण अर्धवट राहिलं म्हणून.

मी तुझ्या दुकानात पहिल्यांदा आलो तो दिवस मी गावाला शंभर वेळा सांगितला आहे. तू म्हणालास, "मार." मी घण असा हाणला की ऐरण वीतभर जमिनीत गेली आणि खालून पाणी लागलं. आज तू नाहीस, आता खरं सांगायला हरकत नाही. माझा घण लोखंडाला लागलाच नाही. ऐरणीच्या कडेवरून घसरला आणि थेट माझ्या नडगीवर आला. हाड पांढरं दिसलं. मी घण तसाच धरून उभा राहिलो, कारण सोडला असता तर खाली पडलो असतो. तू माझ्या नडगीकडे पाहिलंस, मग माझ्या मुठीकडे.

"चालते," तू म्हणालास. "पायाले लागलं तरी घण नाई सोडला यानं. नाव काय बे?"

"दौलत."

"दौलत्या, रगत पुस अन् उभा राह्य."

एवढ्यावर माझी सोळा वर्षं ठरली.

छप्पन साली आम्ही घरचे सगळे दीक्षा घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरलो तर गल्लीतला एक टोपीवाला तुला समजावत होता, आता हे लोक ऐकणार नाहीत, दुसरा घणवाला पाहा. तू त्याचं सगळं ऐकून घेतलंस. मग सांडशी उचललीस, त्याच्या डोक्यावरची टोपी अलगद चिमटीत धरलीस आणि भट्टीत टाकलीस. तो ओरडत वाटेला लागला. माझ्याकडे वळून तू एकच विचारलंस, "आता घण कोनत्या हातानं मारतं?" मी म्हणालो, "दोन्ही." "मंग मार." मी गावात सांगायचो की तू त्याचं डोकंसुद्धा भट्टीत घातलंस. तू कधी नाही म्हणाला नाहीस. माझ्या थापांना तू दुकानातल्या धुरासारखं चालवून घेतलंस.

बाहेरच्या माणसाला वाटतं लोहार नुसता लोखंड बडवतो. लोहाराची हातोडी अर्धा वेळ बोलत असते. तू बसलेला, डाव्या हातात सांडशी, सांडशीत लाल लोखंड, उजव्या हातात छोटी हातोडी. समोर आम्ही घण घेऊन उभे. मागे द्वारकावहिनी भाता ओढतेय. शेजारी टिनवाल्याची ठणठण, पलीकडे बैलांना नाल ठोकणाऱ्याच्या शिव्या. त्यात तोंडानं सांगितलेलं कोणाला ऐकू येणार? म्हणून सगळं हातोडीनं. हातोडी लोखंडावर जिथं टेकली तिथंच घण पडला पाहिजे. नुसत्या ऐरणीवर एक ठोका दिला की थांबायचं, घण खाली. हातोडी आडवी ठेवली की काम संपलं. हे तीन इशारे तुझ्या आजापासून चालत आलेले. नवा इशारा काढायचा तर तो या तिघांच्या पायात पाय घालणारा नको, हे मलाही कळत होतं. पण तुझं डोकं तिथं थांबत नव्हतं.

आपल्या दोघांचा पहिला खास इशारा आठव. मोर्शीकडचा एक शेतकरी कुऱ्हाड घेऊन यायचा आणि दर वेळी सांगायचा की हिनं मी एका घावात बाभूळ पाडली. आपल्याला हसू आवरायचं नाही. मी म्हणालो, एक गुपचूप खूण ठेवू, हा थापा मारतोय, बोलू दे. मी म्हणालो, तीन ठोके. तू म्हणालास, तीन टिनवाल्याचे, त्याच्या घरून डबा आला की तो तीन ठोकतो. मी म्हणालो, चार. तू म्हणालास, पलीकडे नाल ठोकणारा एका नालेला चार खिळे ठोकतो. मी म्हणालो, पाच. तू म्हणालास, पाच मोजत कोण बसते. आठ दिवस तू बोटं कानामागं धरून बसलास. कोण काय ठोकतं, कशासाठी ठोकतं, कापसाच्या जिनचा भोंगा कधी, शाळेची घंटा कशी, सगळं ऐकलंस. नवव्या दिवशी हातोडीचं तोंड ऐरणीवरून घर्र करून ओढलंस, दोन ठोके दिलेस, एक श्वासभर थांबलास, आणि मग शेवटचा एक.

"हे कोनाचंच नाई," तू म्हणालास.

मी डोक्यावर हात मारला. "एवढं वाजवेस्तोवर थापा मारनारं गिऱ्हाईक घरी जाऊन, जेवून, दुसरी थाप घेऊन वापस येईन."

"येऊ दे. पन कोनी चुकून हे वाजवनार नाई. हात थरथरला, हातोडी निसटली, तरी हे आपोआप वाजत नाई. जे हात आपल्या मनानं करते थे इशाऱ्यात घ्याचं नाई, दौलत्या."

त्या बिचाऱ्या बाभूळवाल्यापासून हा इशारा सुरू झाला आणि पुढं जास्त करून माझ्यावरच वाजला. मी दुकानात बसून एखाद्याला सांगत असायचो की मेळघाटात मी कसा वाघाचा जबडा फाडला, आणि मागून यायचं घर्र, ठण ठण, आणि ठण. वहिनी भात्यामागून फिदीफिदी हसायची.

मग ती दुसऱ्या इशाऱ्याची वेळ आली, तुझ्या-माझ्या भांडणाची. लोखंड पलटवायचं असलं की घण खाली ठेवून चालत नाही, ताल मोडतो, लोखंड निवतं. घण वरच धरून ठेवायचा आणि तेवढ्यात तू पलटवायचं, असा इशारा हवा होता. बंड्यांचा हंगाम तोंडावर आला होता.

"दोन ठोके. खलास," मी म्हणालो.

"दोन नाई."

"काहून नाई बे?"

तू हातोडी सैल सोडलीस. ती ऐरणीवर पडली आणि उडाली. ठण, टिण. "पाह्य. ते आपल्या मनानंच दोन म्हनते."

"दुसरं लहान असते."

"घन डोक्यावर असला का तुले लहान-मोठं समजते? अन् दुसरं आयक. दर्यापुरातले लोहार दोनाले काय म्हनतेत, मले ठाव नाई. परतवाड्यात काय म्हनतेत, ठाव नाई. उद्या तथचा मानूस आपल्यापाशी आला तं?"

"येईन तवा पाहू."

"येईन तवा त्याच्या हातात घन असते."

तुझं म्हणणं होतं, आधी घासायचं, मग एक. मी म्हणालो, तू घासेपर्यंत लोखंडाचं लगीन होऊन त्याले लेकरं होतीन. आपण दोघांनी एकमेकांची गळपट्टी धरली. तू मला भट्टीच्या भिंतीवर आदळलंस, मी तुझ्या खांद्याला चावलो. टिनवाला मधे पडला तर त्याला दोन्हीकडून बसली. शेवटी ठरलं की बारा शेराचा घण एका हातानं सरळ समोर धरायचा, ज्याचा हात आधी खाली येईल त्याचं म्हणणं खोटं.

तुझा हात जेवढा वेळ टिकायचा तेवढा टिकला, म्हणजे कोणाचाही टिकणार नाही इतका. मग मी धरला. गावाला मी काय सांगितलं ते तुला माहीत आहे. परतवाड्याची मोटार सुटत होती तेव्हा मी घण उचलला. ती परतवाड्याला जाऊन, रस्त्यात चाक बदलून, परत आली तरी माझा हात तसाच. मारोती, घणाच्या मानेला काळी सुतळी होती आणि ती वर आढ्याच्या खिळ्याला अडकवलेली होती. तुझ्या दुकानात सगळंच काळं. त्यात काळी सुतळी कोणाला दिसणार?

हळूच सुतळी सोडून मी घण खाली आणला आणि तू तो माझ्या हातातून घेतलास. म्हणालास, "बरं. दोन तं दोन." तू शब्दाचा पक्का. मी मात्र त्या संध्याकाळी गल्लीत छाती काढून फिरलो.

दोन वर्षं दोन ठोके चालले. बरे चालले, म्हणून तर माझा माज वाढला. मग दर्यापूरकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या सगळ्या बंड्यांच्या धावा एकदम आल्या आणि आणखी एक घणवाला लागला. अकोल्याहून उकंडा आला. दाराएवढा माणूस, बोलायचं म्हटलं तर भाड्यानं तोंड आणावं लागेल इतका मुका. तुला कोळसा पाहायला जायचं होतं. निघताना तू मला बाजूला घेतलंस.

"मी येईस्तोवर याच्यापाशी बस. एकाचं काय, दोनाचं काय, घासन्याचं काय, सारं त्याले विचार, आपलं त्याले सांग. जुळलं तरच घन दे हाती. समजलं?"

"समजलं ना."

मी बसलो त्याच्यापाशी. पायरीवर चहा मागवला. आणि मी त्याला मेळघाटातला वाघ सांगितला. असा ऐकणारा माणूस मला जन्मात भेटला नव्हता. डोळे पाटीएवढे करून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांसाठी मी वाघ एकाचे दोन केले. दुसरा वाघ मरेपर्यंत तू कोळसा घेऊन परत आलास.

"जुळवलं?"

"सारं."

एवढंच म्हणालो. एक शब्द. आजवर बोललेल्या माझ्या सगळ्या थापांत सगळ्यात लहान.

तिसऱ्या धावेला ते झालं. लाल पट्टी ऐरणीवर, एकीकडे मी, एकीकडे उकंडा, घण आळीपाळीनं पडत होते. तू ऐरणीवर दोन ठोके दिलेस. मी घण वर धरला. उकंडाच्या अकोल्याच्या दुकानात दोन ठोके म्हणजे पुरा जोर. त्यानं अंगातलं सगळं बळ घालून घण आणला. तुझा डावा हात सांडशी बदलायला पट्टीखाली गेला होता.

तो आवाज मी कोणालाच सांगितला नाही. गावाला रक्ताच्या चिळकांड्या सांगितल्या, आढ्यापर्यंत गेल्या म्हणून सांगितलं. आवाज नाही सांगितला. ओली काठी दगडावर मोडावी तसा, पण त्यात काहीतरी मऊ. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ऐरणीवर राहिलं. तू हात उचलून पाण्याच्या कुंडीत घातलास. मी सांगायचो, पाणी उकळलं. पाणी उकळलं नाही. लाल झालं, आणि तू दात इतके आवळलेस की मला तुझा जबडा वाजलेला ऐकू आला.

उकंडा घण धरून उभा होता. "दोन देल्ले त्यायनं," तो म्हणत होता. "दोन देल्ले. मी आयकले. दोन देल्ले."

त्या गल्लीत पंधरावीस माणसं धावून आली होती. तो काय म्हणतोय हे त्या सगळ्यांत फक्त मला कळत होतं. म्हणून मी त्याच्या तोंडावर मारलं. तुझ्या हातासाठी नाही, मारोती. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. एकदा मारलं तर तो पुन्हा म्हणाला, दोन. मी पुन्हा मारलं. तो हात वर करत नव्हता. एवढा दाराएवढा माणूस, त्यानं नुसती एक थाप दिली असती तर मी गल्लीपलीकडे जाऊन पडलो असतो. त्यानं हात उचलला नाही, कारण चूक आपलीच असावी असं त्याला वाटत होतं. टिनवाला आला, नाल ठोकणारा आला, सगळे तुटून पडले. त्याच्या नाकाचं हाड मी माझ्या गुडघ्याखाली मोडताना ऐकलं. शेवटी वहिनीनं भट्टीतून लाल सळई ओढली आणि आमच्या मधे फिरवली. माझ्या दंडावर तिचा डाग अजून आहे. तू कुंडीतून हात न काढता ओरडत होतास, "सोडा त्याले. दौलत्या, सोड त्याले." रक्ताळलेल्या तोंडानं त्याला लोकांनी अकोल्याच्या मोटारीत बसवलं.

दवाखान्यात तू मला विचारलंस. हात पट्टीत, तोंडाचा रंग राखेसारखा.

"जुळवलं होतं ना?"

"हो."

"मंग उकंडाचं चुकलं."

"हो."

तू छताकडे पाहिलंस. "बरं," म्हणालास.

त्यानंतर दुकानात दोन ठोके बंद झाले. कोणी बंद केले नाहीत, कोणी बोललं नाही. तू तीन बोटांनी सांडशी धरायला शिकलास, आणि पलटवायचं असलं की आधी हातोडी घासायचास, मग एक. तुझाच जुना इशारा. घासेपर्यंत लोखंडाचं लगीन काही झालं नाही. मी गावात सांगत राहिलो की अकोल्याच्या त्या हलकटाचे मी अकरा दात पाडले. आणि वर्षातून एकदा, ठरलेला दिवस नाही, मधेच हातोडी आडवी ठेवून तू म्हणायचास, "अकोल्याले जाऊन ये एकदा."

"काहून?"

"हवा बदलते."

"जातो ना."

सात वर्षं हवा बदलायला मी गेलो नाही. कधी मोटार चुकली, कधी पाय दुखला, एकदा मी सांगितलं की पूर्णेला पूर आला आहे, आणि तो मे महिना होता. तू ऐकून घ्यायचास. कधीकधी घर्र वाजवायचास. मी हसायचो. तू हसायचा नाहीस.

मग तुला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. ज्या हातानं तू बोलायचास तो हात भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखा पडून. उरला डावा, तीन बोटांचा, तोही पानासारखा थरथरणारा. वहिनी तुला चमच्यानं पेज भरवायची, आणि तो चमचा तू तिच्या हातातून काढून घेऊन मुठीत धरून ठेवायचास. मी रोज दुपारी येऊन तुझ्या लोखंडी पलंगापाशी बसायचो. तू स्वतः जोडलेला पलंग. हत्ती बसला तरी करकरणार नाही असा.

मरणाच्या तीन दिवस आधी मी तुला सांगितलं. सुरुवात माझ्या पद्धतीनंच केली, की त्या दिवशी ऊन असं होतं की कावळे उडायचं सोडून पायी चालले होते. तू भिंतीकडे पाहत होतास. मग माझी जीभ वळेना. सुतळी सांगितली. चहा सांगितला, दोन वाघ सांगितले. जुळवलं नव्हतं हे सांगितलं. उकंडाला कशासाठी मारलं हे सांगितलं. सांगून झाल्यावर मी रडलो, अगदी मोठ्यानं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बंडी उतारावर लागल्यासारखं हलकं वाटलं. आता तू हात दाबशील, मी तुझ्या छातीवर डोकं ठेवीन, आणि नंतर हे सगळं मी गावाला छान सांगेन, इथवर माझं मन पोचलंसुद्धा होतं.

तू चमचा पलंगाच्या लोखंडी पट्टीवरून ओढलास. घर्र. मग दोन ठोके. मग थांबलास. तुझ्या कपाळावर घाम आला, हात पंख्यासारखा हलत होता, तो तू जोर लावून थांबवलास. आणि मग एक.

हा थापा मारतोय. बोलू दे.

मला असा राग आला की तुला उचलून आपटावं. जन्मात एकदा खरं बोललो आणि त्याला हे उत्तर. मी दाराशी गेलो. मनात आलं, आजारी माणसाचा हात आहे, थरथरत होता, वाजलं काहीतरी. तिथंच पाय अडकला. थरथरता हात दोन ठोके देतो, वीस देतो. थरथरता हात आधी घासत नाही. शेवटच्या ठोक्याआधी श्वास धरून थांबत नाही. माझ्यासारखा आखूड इशारा असता तर मी म्हटलं असतं, लकव्याचं आहे, आणि घरी जाऊन पोटभर जेवलो असतो. ते दार तू कितीतरी वर्षांपूर्वी, बोटं कानामागं धरून आठ दिवस बसून, बंद करून ठेवलं होतंस.

आणि थाप तर होतीच. तुला यातलं काय नवं होतं? दवाखान्यात "बरं" म्हणालास तेव्हापासून तुला सगळं ठाऊक होतं. ज्याला सांगून आपलं काही जाणार नाही, त्याला मी सांगत होतो. दोन वाघ मारल्यासारखं.

तू गेलास. तिसऱ्या दिवशी वहिनीनं मला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, सगळं आटून गेलं होतं.

"शेवटी त्यायनं तुलेच काई सांगतलं. काय सांगतलं?"

मी क्षणभरही थांबलो नाही, मारोती. जीभच तशी. "म्हनला, द्वारकीले संभाळजो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तोच चमचा उचलला, चुलीपुढच्या फरशीवरून ओढला. घर्र. दोन. थांबली. एक.

"एवढे वर्स भाता कोन वढत होतं?" ती म्हणाली. "मले कान नाई वाटते तुले? पलंगापाशी बोलला थेही आयकलं म्या. अकोल्याले जाय."

काल गेलो. मोटारीत शेजारच्या माणसाला मी मूर्तिजापूर येईपर्यंत काहीही सांगितलं नाही, हे तू मानणार नाहीस, पण खरं आहे. उकंडाचं आता स्वतःचं दुकान आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत. एकटाच होता, त्याचा घणवाला आला नव्हता. नाक एका बाजूला बसलेलं. त्यानं मला ओळखलं, आणि तोंड उघडलं तेव्हा मी पडलेले दात मोजले. अकरा नव्हे. तीन. पुढचे.

मी उभ्याउभ्या सांगितलं. पाच-सहा वाक्यं झाली. ऊन नाही, कावळे नाहीत. "तुले इशारे विचाराले मले मारोतीनं सांगतलं होतं. मी विचारले नाई. तुह्यं चुकलं नाई. मले माहीत होतं, म्हनून मारलं. मारोती गेला."

"कवा?"

"अकरा दिवस झाले."

त्यानं भट्टीतला कोळसा सळईनं सारखा केला. मग म्हणाला, "थो जित्ता होता तवा काहून नाई आला?"

मी म्हणालो, "मार मले. हात नाई उचलनार मी."

"तुले मारून माह्ये दात येतीन का बे?"

तो बसला. सांडशीनं वखराची लाल पास, म्हणजे पातं, बाहेर काढली, ऐरणीवर ठेवली, आणि पायानं कोपऱ्यातला घण माझ्याकडे सरकवला. मी उचलला. त्याचा डावा हात माझ्या घणासमोर होता, पाचही बोटं शाबूत. ती बोटं त्यानं माझ्यासमोर ठेवली होती. त्यानं हातोडी वर केली आणि तशीच थांबवली.

"पयले सांग," तो म्हणाला. "तुमच्याइथं दोन म्हंजे काय?"

मी सांगितलं. मग त्याचं विचारलं. एकाचं विचारलं, आडव्या हातोडीचं विचारलं, घासण्याचं विचारलं. त्याचं एक माझ्या एकाशी जुळलं, दोन जुळलं नाही, ते आम्ही टाकून दिलं. शेवटी तुझा तो लांबलचक इशारा मी वाजवून दाखवला.

"हे तुह्यात कशाच्या आड येते का?"

त्यानं मनातल्या मनात सगळं अकोलं ऐकलं. तुझ्यासारखंच बोटं कानामागं धरून.

"नाई," तो म्हणाला. "ठेव."

एवढं होईपर्यंत पास काळी पडली होती. उकंडानं ती उचलून पुन्हा भट्टीत घातली.